एकतीस नंबरचा पैलवान

शिवाजी पेठेत पैलवानांची टंचाई कधीच नव्हती. सकाळी दुधाची किटली घेऊन बाहेर पडलं तरी तांबड्या मातीनं माखलेले दोन-चार भेटायचेच. असं असताना सातासमुद्रापलीकडच्या पैलवानांचे फोटो पाकिटातून विकत आणायचे, मोजायचे, जपायचे आणि त्यांच्यापायी जेवण विसरायचं, ही बुद्धी आम्हाला कशी झाली ते आजही सांगता येत नाही. गल्लीत केबल आली होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे मी सातवी पास होऊन आठवीत गेलो होतो, आणि त्या वयात बुद्धी कशीही होते.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. शाळेसमोरच्या दुकानात एक कागदी पाकीट मिळायचं. आत एक गुलाबी च्युइंगम, चावायला टाकल्यावर पहिली दोन मिनिटं दगडासारखं लागणारं, आणि चार कार्डं. कार्डाच्या पुढच्या बाजूला पैलवानाचा रंगीत फोटो, मागे त्याची माहिती: वजन, उंची, छाती, किती लढती, किती जिंकल्या. कोपऱ्यात नंबर. एक ते अठ्ठेचाळीस. पाकीट फाडायची इतकी घाई व्हायची की एकदा मी कार्डासकट फाडलं. सोळा नंबरचा पैलवान मानेपासून वेगळा झाला. चिकटपट्टी लावली, पण त्यानंतर त्याची मान कायम वाकडीच राहिली.

अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कार्डं जमवणं म्हणजे 'सेट पुरा'. पेठेत कुणाचाच झाला नव्हता. शर्यतीत शेवटी दोघेच उरलो होतो. एक मी, दुसरा कोपऱ्यावरच्या टेलरचा मुलगा. तो माझ्याच वर्गात, माझ्यापेक्षा शांत आणि माझ्यापेक्षा नीटनेटका, म्हणजे शत्रू व्हायला सगळ्या दृष्टीनं योग्य. दोघांकडे सत्तेचाळीस होती. दोघांकडे एकतीस नंबर नव्हता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ज्याला एकतीस मिळेल तो पेठेतला पहिला. मग वर्षभर बाकीच्यांनी त्याला काय म्हणायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं, पण काहीतरी मोठं म्हणावं लागलं असतं.

व्यवस्थेच्या बाबतीत मात्र मी पुढे होतो, कारण माझे वडील कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे स्टोअरकीपर होते. वस्तू कुठे आहे हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, हा त्यांचा एकमेव धर्म. माझी कार्डं बुटाच्या खोक्यात लोळताना पाहून त्यांना माझ्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांनी कारखान्यातून टाकून दिलेला एक लाकडी ट्रे आणला, नट-बोल्ट ठेवायचा, खणाखणांचा. मी प्रत्येक खणावर नंबरची चिठ्ठी लावली आणि नंबरवार कार्डं उभी केली. ट्रे आधी पुसून घ्यावा लागतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. सकाळी बघतो तर पहिल्या आठ पैलवानांच्या पायांनी ऑइल प्यायलेलं. कार्डं खालून पारदर्शक झाली होती. वडिलांनी ती नाकाला लावली, ऑइल कुठल्या मशीनचं ते सांगितलं आणि कामावर गेले.

तर असा मी ट्रे काखेत मारून रोज दुपारी तालमीच्या कट्ट्यावर जायचो. तिथं आमचा खेळ चालायचा. जादाची कार्डं हातात धरायची, एकानं "वजन" म्हणायचं, दोघांनी आपापल्या कार्डावरचं वजन वाचायचं, ज्याचं जास्त तो समोरच्याचं कार्ड घेणार. मी एकदा मोठ्या आवाजात वाचलं, "दोनशे दहा किलो."

आत तालमीच्या दाराशी वस्ताद आडवे झाले होते. सत्तरीचे असावेत. तरुणपणी किती मैदानं मारली याची मोजदाद त्यांनाही नव्हती. आता ते पोरांना डाव शिकवायचे आणि आसपासच्या जत्रांना जोड लावायला जायचे. जोड लावणं म्हणजे मैदानात जमलेल्या पैलवानांतून तोलामोलाचे दोघे नजरेनं निवडून एकमेकांच्या हातात हात देणं. काटा नाही, कागद नाही. वस्ताद माणसाकडं एकदा खालून वर बघायचे आणि वजन सांगायचे. लोक म्हणत, त्यात किलोचा फरक पडत नाही.

त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कोण हाय रं दोनशे धाचा?"

मी कार्ड नेऊन दाखवलं. हिरव्या चड्डीतला, दंड फुगवलेला, दात काढलेला गडी. वस्तादांनी ते हातभर लांब धरलं, मग जवळ घेतलं, मग पुन्हा लांब.

"ह्यो दोनशे धा? दोनशे धाचा रेडा असतोय, लेका. ह्याची पोटरी बघ. मनगाट बघ. एकशे तीस. वर एक गुंज न्हाई."

मी म्हटलं, वस्ताद, छापलेलं आहे. त्यावर ते उठून बसले. कुणी छापलं, त्यानं ह्याला उचलून बघितला होता का, असं त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या वयात थेट काळजात लागलं. वजन खोटं सांगून जोड लावणं यासारखं पाप नाही. त्यात पोरं मोडतात. आणि आम्ही कट्ट्यावर बसून दिवसभर खोट्या जोडी लावत होतो.

झालं. मला कधीही कुठलीही गोष्ट अर्धवट पटत नाही, हा माझा जुना आजार. मी घरी धावलो, वडिलांचं लाल रिफिलचं पेन उचललं आणि ट्रे घेऊन वस्तादांसमोर बसलो.

तीन दुपारी आम्ही बसलो होतो. मी एकेक कार्ड पुढं करायचो, वस्ताद बघायचे आणि निकाल द्यायचे. कार्डाच्या मागचं छापील वजन मी पट्टीनं रेघ मारून खोडायचो, शेजारी खरं लिहायचो. वस्ताद जाता जाता जे बोलत तेही मी खाली बारीक अक्षरात टिपून ठेवायचो. 'मान नाही.' 'फुगीर, दमसास कमी.' 'डावा गुडघा गेलाय, सांगत नाही.' चेहऱ्यावर चट्टेपट्टे रंगवलेल्याबद्दल, 'घाबरलाय म्हणून रंगवलंय.' अठरा आणि एकोणीस नंबरला जुळे भाऊ होते, दोघांचं वजन छापील सारखंच. वस्तादांनी त्यांच्यात सहा किलोंचा फरक काढला आणि म्हणाले, "ह्यो कामाला जातोय, त्यो बसून खातोय." वाकड्या मानेचा सोळा नंबर आला तेव्हा ते बराच वेळ काळजीत पडले. ही मान मी मोडली हे सांगायचं धाडस मला झालं नाही. मी तसंच लिहिलं: 'मानेचा विलाज करावा.'

त्या तीन दिवसांत मी इतका खुशीत होतो की सांगता सोय नाही. सत्तेचाळीस पैलवानांना न्याय मिळाला होता. चौथ्या दिवशी मी छाती काढून कट्ट्यावर गेलो आणि खेळाला बसलो. टेलरचा मुलगा म्हणाला, "वजन." त्याच्या हातात बावीस नंबर, छापील एकशे ऐंशी. माझ्या हातात जादाचा हिरव्या चड्डीवाला, वस्तादांनी सगळ्यात आधी तोललेला तोच. मी सवयीनं म्हटलं, दोनशे दहा. त्यानं शांतपणे माझं कार्ड उलटं केलं.

"हितं एकशे तीस लिवलंय की. अक्षर तुझंच हाय न्हवं?"

मी वस्तादांची साक्ष काढली. तो म्हणाला, वस्ताद म्हणतात ते खरंच असणार, म्हणून तर कार्ड दे. त्या दुपारी माझी जादाची सगळी कार्डं गेली. जादाच्या कोऱ्या कार्डांचं वजनही तो ट्रेमधल्या लाल आकड्यावरूनच धरायचा, म्हणजे माझा एकेक पैलवान खऱ्या वजनानं लढत होता आणि समोरचे खोट्या. शिवाय ट्रेमधली कार्डं बदलून घ्यायलाही कुणी तयार होईना. कोरं कार्ड देऊन लाल शाईनं गिरमिटलेलं कोण घेईल? आपण काय करून बसलो हे माझ्या ध्यानात आलं, पण रिफिलची शाई खोडरबरनं जात नाही. थुंकी लावून पाहिली. पाच नंबरच्या मागे भोक पडलं.

अशा अवस्थेत मामा घरी आले. आईचे भाऊ, कुरुंदवाडला शेती आणि चार म्हशी. पंपाचा कसलासा भाग घ्यायला कोल्हापुरात आले होते. चहा पिता पिता सहज म्हणाले की आमचं येडं तुझ्यासारखंच कार्डं गोळा करतंय, त्याचे सगळे नंबर जमलेत, वर एकतीस दोनदा आलाय म्हणून नाचतंय.

माझ्या हातातली बशी पडली. फुटली नाही, स्टीलची होती, पण आवाज एवढा झाला की आईला वाटलं मांजर आलं.

मामेभावाचा निरोपही मामांनी आणला होता: एकतीस मिळेल, पण मी माझी सगळी कार्डं घेऊन यायचं, त्यातली कुठलीही तीन तो निवडणार. मामा त्याच दुपारच्या एसटीनं परत निघाले होते. मी त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत मांडीवर ट्रे आणि डोक्यात एकच विचार. कार्डांचा फोटोचा भाग तर स्वच्छ आहे. ती मांडायची तर फोटो वर करून, आणि शक्य तितक्या अंधुक उजेडात.

मामेभाऊ माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, पण व्यवहारात सहा वर्षांनी मोठा. घरी पोचलो तेव्हा तो सोप्यात वाटच बघत होता. मी कार्डं मांडली, फोटो वर, ओळीत. मग विनाकारण म्हशींची चौकशी केली. त्यानं म्हशींबद्दल काही सांगितलं नाही. पहिलंच कार्ड उचललं आणि उलटं केलं. मग दुसरं. मग पाचवं, भोकाचं. त्या भोकातून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ह्यो काय दवाखाना काढलायस?" तो म्हणाला. "न्हाई भावा. असली नगं मला."

मी त्याला वस्तादांची सगळी कथा सांगितली, जोडीचं पाप सांगितलं, तीनच्या जागी दहा घे म्हटलं. तो मान हलवत राहिला. त्यानं आपल्या पत्र्याच्या डब्यातून एकतीस नंबर काढून मला नुसता लांबून दाखवला. साधा माणूस होता. ना रंग, ना दात काढलेले. काळी चड्डी, हात खाली सोडलेले, फोटोवाल्यानं मध्येच हाक मारली म्हणून वळल्यासारखा. एवढ्या लांब येऊन तो माझ्यापासून तीन फुटांवर होता आणि मिळणार नव्हता. मला रडू यायला लागलं होतं, ते मी जांभईत लपवलं.

तेवढ्यात दूध घालायला निघालेल्या मामांनी मी मांडलेलं एक कार्ड उचललं. मामा तरुणपणी गावच्या तालमीत होते. त्यांनी मागची टीप वाचली, डोळे बारीक केले, फोटो बघितला आणि असे हसले की किटली खाली ठेवावी लागली. "डावा गुडघा गेलाय, सांगत न्हाई," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "आरं खरं हाय की. उभारलाय बघ कसा." मग दुसरं वाचलं, मग तिसरं. अठराव्यावर मात्र ते वस्तादांशी सहमत नव्हते. म्हणाले, बसून खातोय तो हा, तो नव्हे. सगळी कार्डं ट्रेत भरून ते थेट दूध संस्थेत घेऊन गेले. आम्ही दोघं मागोमाग. किटल्या घेऊन उभ्या असलेल्या रांगेत मामा एकेक पैलवान दाखवायचे आणि वाचायचे. रांग पुढं सरकेना. एका म्हाताऱ्यानं तर चट्टेपट्टेवाल्याला एकशे दहाच्या वर मानायला साफ नकार दिला. माप घेणारा ओरडला, मग तोही बघायला आला.

मी कोपऱ्यात उभा होतो, मनात फक्त एकतीस नंबर. मामेभाऊ माझ्याकडे बघत नव्हता. तो रांगेकडे बघत होता.

पहाटे मी उठलो तर हा उशाशी बसलेला. म्हणाला, एक काम करू. तुझी सत्तेचाळीस मला दे. माझा पुरा सेट तू घे. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, कोरा. जादाचा एकतीस माझ्याकडं राहू दे.

मला आधी वाटलं मी झोपेत आहे. मग वाटलं, ह्याला ताप आलाय. सत्तेचाळीस गिरमिटलेल्या, तेलकट, भोकाच्या, एका मान मोडलेल्या कार्डांच्या बदल्यात अख्खा कोरा सेट! मी चेहरा जमेल तितका दुःखी केला, दोनदा उसासा टाकला आणि अगदी नाइलाजानं हो म्हटलं. लहान भावाला फसवतोय याची थोडी लाजही वाटली, पण त्यानं मन बदलायच्या आत निघणं गरजेचं होतं. मामी भाकरी टाकत होत्या. "पावणं, खाऊन तरी जावा की," त्या म्हणाल्या. मी शाळेचं काम सांगितलं. मे महिन्यात. साडेसहाच्या एसटीत बसलो तेव्हा पोटात काही नव्हतं आणि मांडीवर सगळं होतं. वाटेत मी एकतीस नंबर पाच वेळा काढून बघितला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, कोण हा? मी म्हटलं, आमचे पाहुणे.

घरी न जाता सरळ कट्ट्यावर गेलो. ट्रेमधून एकेक काढून पायरीवर मांडला. एक, दोन, तीन. तिसाव्यानंतर मी मुद्दाम थांबलो, सगळ्यांकडे बघितलं आणि एकतीस ठेवला. टेलरच्या मुलाचा चेहरा पडला. त्या क्षणासाठी मी आठवीचं वर्ष दोनदा काढायला तयार होतो. त्यानं पहिल्यापासून मोजली, उलटी करून तपासली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, पुरा हाय.

मग विचारलं, "पर तुझी कुठायत?"

मी म्हटलं, हीच माझी.

"ही न्हवं. वजनाची."

कळायला वेळ लागला. मी नसताना वस्तादांनी पोरांना विचारलं होतं, ते खरं वजन लिवणारं कुठं गेलं? पोरं हसली, तेव्हा वस्तादांनी सगळ्यांना उभं करून झापलं होतं. खोट्या जोडी लावून माझी कार्डं जिंकली याबद्दल टेलरच्या मुलाला पन्नास बैठका पडल्या होत्या. आणि कट्ट्यावर ठरलं होतं की आता खेळायचं तर वस्तादांच्याच वजनावर. सगळे पेन घेऊन कालपासून माझी वाट बघत होते, उतरवून घ्यायला. टेलरच्या मुलानं माझी जिंकलेली कार्डंही परत आणली होती. ती जादाची, त्यांच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, फक्त त्या हिरव्या चड्डीवाल्यावर होतं.

"कुरुंदवाडात दिली," मी म्हटलं.

सगळ्यांनी आपापली पेनं खिशात घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सत्तेचाळीस कार्डं जगात एकदाच लिहिली गेली होती, आणि मी ती पोटभर भाकरीसुद्धा न खाता, पळत जाऊन, लबाडी केल्याच्या आनंदात देऊन आलो होतो. मामेभावाचा तो रांगेकडे बघणारा चेहरा मला आता दिसला.

दाराशी वस्ताद उठून बसले होते. त्यांनी हात पुढं केला. "ते राहिलं होतं ते आणलंस? दाव."

मी एकतीस त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ बघत राहिले. बाकीच्यांच्या वेळी एवढं बघितलं नव्हतं. खालून वर, पुन्हा वरून खाली. मग छापील आकडा मला वाचायला लावला. मी वाचला, एकशे चार.

"एकशे सा," ते म्हणाले. "लिव."

टेलरचा मुलगा पुटपुटला की वस्तादांनी पहिल्यांदाच वाढवलं. वस्ताद म्हणाले, "फोटू काढायच्या दिवशी जेवलेला न्हाई त्यो."

मी पेन घेतलं नाही. सांगितलं की वस्ताद, पेठेतला हा एकमेव पुरा सेट आहे, आणि कोरा आहे, आणि आत्ताच पुरा झालाय. माझा आवाज जरा जास्तच करुण निघाला असावा, कारण आतले दोन पैलवान जोर मारायचे थांबले.

"तुला जोड लावायचीय का काचंत ठिवायचाय?" वस्तादांनी विचारलं. रागावून नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

मी पायरीवरच्या अठ्ठेचाळीस कोऱ्या कार्डांकडे बघितलं. हिरव्या चड्डीवाला पुन्हा दात काढून दोनशे दहा किलोचा झाला होता. जुळे पुन्हा सारखे. सोळा नंबरची मान सरळ. सगळे चकाचक, आणि त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो.

टेलरच्या मुलानं खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं, टोपण उघडून. त्याचं निळं होतं. मी एकशे चारवर पट्टीशिवायच रेघ मारली, ती वाकडी गेली. शेजारी लिहिलं, एकशे सहा. खाली बारीक अक्षरात, 'जेवलेला नाही.'

मग सरकून वस्तादांच्या जवळ बसलो आणि एक नंबर पुढं केला.